नाव कुठं घालायचं?

नगर जिल्ह्यातल्या कुठल्याही गावी देवळाच्या सभामंडपात बसून मान वर केली, की पंख्याच्या पात्यावर एक नाव दिसतं. म्हणजे पंखा बंद असेल तर. लाल नाहीतर निळ्या तैलरंगात, पेंटरनं घाईत पण शिरोरेघ न चुकवता लिहिलेलं. एका पात्यावर 'कै.' लावलेले वडील, दुसऱ्यावर मुलं, तिसऱ्यावर गावाचं नाव. वीज आली की दोन्ही पिढ्या गावासकट गरगरू लागतात आणि खाली भजनी मंडळाला वारा लागतो. दात्याचं नाव वाचायचं असेल तर भारनियमनाची वाट पाहावी लागते.

नावाच्या बाबतीत मराठी माणसाची नजर लहानपणापासून तयार होत असते. लग्नात आलेल्या प्रत्येक ताटावर, पातेल्यावर, डब्यावर नाव घातलेलं असतं: कोणी दिलं, कधी दिलं, कोणत्या कार्यात. पन्नास वर्षांनी घरातल्या नातीला चुलत आजीच्या मामाचं नाव ठाऊक असतं ते केवळ पोह्यांच्या परातीमुळे. त्यामुळे एखादं जुनं नाट्यगृह, कलादालन किंवा वस्तुसंग्रहालय दुरुस्त करायला घेतलं आणि देणगीदारांची नावं कशी लावायची हा विषय विश्वस्तांच्या बैठकीत निघाला, की चर्चा फारशी होत नाही. काळा ग्रॅनाइट, सोनेरी अक्षरं, वरून खाली उतरत जाणाऱ्या रकमा. वर 'आश्रयदाते', मध्ये 'हितचिंतक', खाली बारीक टायपात बाकीचे. दर्शनी भिंत ठरते, ऑर्डर दिली जाते, चहा येतो.

हा प्रश्न सध्या अगदी ताजा आहे. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. शाहू महाराजांनी उभारलेलं, १९१५ साली 'पॅलेस थिएटर' म्हणून उघडलेलं हे रंगमंदिर. सरकारनं निधी जाहीर केला, कलावंत आणि सामान्य माणसंही मदतीला पुढे आली. अशा वास्तूत नव्यानं नावं लावायची झाली तर ती कोणाची, कोणत्या क्रमानं, कोणत्या भिंतीवर? या वास्तूत आधीच दोन नावं मुरलेली आहेत. एक बांधणाऱ्या राजाचं, दुसरं गाणाऱ्या नटाचं; आणि लोकांनी दारावर ठेवलं ते नटाचं.

आराखडा करणाऱ्यानं अशा वेळी परदेशी कॅटलॉग उघडण्याआधी नगर जिल्ह्यात एक फेरी मारावी. दात्याच्या नावाचं काय करायचं, याची इतकी वेगवेगळी उत्तरं एका जिल्ह्यात क्वचितच सापडतील.

पहिलं उत्तर शहरातच आहे, भुईकोट किल्ल्याजवळ. हुसेन निजामशहानं सोळाव्या शतकाच्या मध्यावर मातीचा किल्ला दगडात बांधून घेतला. पुढे १५६७ च्या सुमारास साहिर खान या अधिकाऱ्यानं किल्ल्याच्या जवळच एक लहानशी मशीद उभी केली. तिच्यावरचं दगडी कोरीवकाम इतकं नाजूक आहे, की निजामशाहीतल्या कारागिरीचा दाखला देताना अभ्यासक तिचं नाव हटकून घेतात. लोक मात्र तिला साहिर खानाची मशीद म्हणत नाहीत. तिचं नाव दमडी मशीद. आख्यायिका अशी, की किल्ल्याच्या कामावरच्या मजुरांनी आपापल्या मजुरीतली एकेक दमडी बाजूला काढली आणि त्या पैशातून ही उभी राहिली.

आख्यायिका खरी की खोटी, हे ठरवायला कागद नाही. पण तिनं काय केलं ते बघण्यासारखं आहे. बांधकाम करवून घेणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव पुस्तकात गेलं आणि सगळ्यात हलक्या नाण्याचं नाव इमारतीला मिळालं. 'चमडी जाईल पण दमडी जाणार नाही' असं ज्या दमडीबद्दल आपण चेष्टेनं म्हणतो, तीच दमडी इथं दर्शनी पाटीवर आहे. एकाही मजुराचं नाव ठाऊक नाही, तरी साडेचारशे वर्षं रोज त्यांच्या देणगीचा उच्चार होतो. ग्रॅनाइटच्या फलकावर सगळ्यात खालच्या ओळीत, 'इतर' या सदरात जी मंडळी गेली असती, ती इथं शीर्षक झाली आहेत.

ही मशीद आता केंद्र सरकारची संरक्षित वास्तू आहे. म्हणजे आज कोणी हौसेनं तिच्या दगडावर आपलं नाव कोरलं, तर १९५८ च्या स्मारक कायद्यात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. नाव लावण्याच्या हौसेला कायद्यानं घातलेली ही बहुधा सगळ्यात स्पष्ट वेसण.

दुसरं उत्तर नेवाशाला आहे, प्रवरेच्या काठी. ज्ञानेश्वरांनी ज्या खांबाला टेकून गीतेवरची टीका सांगितली असं परंपरा मानते, तो पैस खांब. दुर्गाबाई भागवतांच्या ज्या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, त्या 'पैस'चं नाव याच खांबावरून आलेलं. वारकरी त्याच्यापुढे डोकं टेकतात. पण खांबावर जे कोरलेलं आहे त्याचा ज्ञानेश्वरीशी संबंध नाही. तो देणगीचा लेख आहे. करवीरेश्वराच्या देवळात दिवा अखंड तेवत राहावा म्हणून तेलासाठी दरवर्षी द्यायच्या रकमेची ती नोंद.

म्हणजे महाराष्ट्रातला सगळ्यात पूजनीय खांब हा मुळात एका दात्याचा फलक आहे. देऊळ गेलं, दिवा विझला. फलक उरला, आणि त्याच्यापाशी दुसरंच काही घडलं म्हणून तो पूज्य झाला. त्या लेखात दाता केवढा मोठा होता याचं वर्णन फार नाही. पैसे कशासाठी, किती अवधीनं, कोणाकडे जायचे, हा त्याचा विषय. तो आभाराचा फलक नाहीच, करारनामा आहे.

जुने दानलेख वाचताना हे वारंवार जाणवतं. शिलाहार आणि यादव काळातल्या दानलेखांच्या दगडांवर वर चंद्र-सूर्य कोरलेले दिसतात: आकाशात हे दोघे आहेत तोवर हे दान चालावं. खाली कधी गाढव आणि स्त्री यांचं असं चित्र असतं, की ते सभ्य मासिकात सविस्तर सांगता येत नाही. गधेगाळ. दान मोडेल त्याच्या घरच्या बाईला दिलेली ती शिवी. मोडणारा पुरुष आणि शिवी त्याच्या आईला, हा न्याय त्या काळातही न्याय नव्हता. पण फलकाचं काम काय याबद्दल त्या लोकांच्या मनात गोंधळ नव्हता. फलकानं दानाची राखण करायची. दात्याची कीर्ती हा वरकड लाभ.

आजच्या फलकावर हे कलम गळून पडलं आहे. कोणी किती दिले ते कळतं. त्या पैशातून काय झालं आणि ते चालू आहे का, हे कळत नाही. 'रंगमंचावरील पडद्यासाठी' असं लिहून पडदा फाटल्यावर कोणी विचारायला येतं का? आलं पाहिजे. दात्याचं नाव जिथं पैसा गेला तिथंच लावलं, म्हणजे पडद्याच्या दांडीवर, दिव्यांच्या फळीवर, खुर्चीच्या हातावर, तर निदान ती वस्तू मोडली की नावाला कमीपणा येतो आणि घरची मंडळी चौकशी करतात. आपल्या आडनावाची खुर्ची डगमगलेली कुणालाच खपत नाही. पंख्यावरच्या नावाची थट्टा करणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं, की तो पंखा बंद पडला तर दुरुस्तीला कोणाच्या घरी जायचं हे गावाला पक्कं माहीत असतं.

जिल्ह्याबाहेर, कार्ल्याच्या चैत्यगृहात ही पद्धत दोन हजार वर्षांपूर्वी सुबक रीतीनं वापरलेली आहे. तिथं दात्यांची वेगळी भिंतच नाही. ज्यानं जो खांब दिला त्याच्यावर त्याचं नाव: धेनुकाकटचे यवन, कुठले कुठले व्यापारी. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल आपल्या लेखात हे शैलगृह जंबुद्वीपात सर्वोत्तम असल्याचं बेलाशक सांगून जातो. मोठ्या देणगीदाराचा सूर तेव्हाही हाच होता. पण त्याच लेण्यात दाराशी आणखी एक नाव आहे, धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराचं. दार त्यानं घडवलं. श्रेष्ठी आणि सुतार एकाच दगडावर, एकाच लिपीत.

अथेन्समध्ये लायसिक्रेटीसचं स्मारक आहे, इ.स.पूर्व ३३५-३३४ मधलं. मुलांच्या वृंदगायनाच्या स्पर्धेत आपण खर्च उचललेला वृंद जिंकल्यावर या धनिकानं ते बांधलं. कलेच्या आश्रयदात्याचं नाव मिरवणाऱ्या, अजून उभ्या असलेल्या जगातल्या अगदी जुन्या वास्तूंपैकी ही एक. नाव अर्थातच त्याचं पहिलं. पण त्याखाली बासरीवाल्या थिऑनचं नाव आहे आणि मुलांना तालमी देणाऱ्या लायसिआडीसचंही. नेवाशालाही असाच प्रकार. ज्ञानेश्वरीच्या शेवटी शके १२१२ हे वर्ष येतं, आणि लेखनिक सच्चिदानंदबाबांचं नाव येतं. ग्रंथाला पैसा कोणी पुरवला याचा तिथं उल्लेख नाही. हात कोणाचा चालला याचा आहे.

आपल्या नाट्यगृहांत पडदा ओढणारा, प्रकाशयोजनेच्या खोलीत तीस वर्षं बसलेला, नेपथ्याचे खिळे ठोकणारा यांचं नाव कुठल्या भिंतीवर असतं? देणगीदारांच्या फलकाचा आराखडा करताना हा मुद्दा काढला तर बैठकीत एक ठरावीक वाक्य येतं: त्यांनी पगार घेतला की. खरं आहे. सामी सुतारानंही इतर कामांची मजुरी घेतलीच असेल.

जिल्ह्यातलं तिसरं उत्तर या दोहोंच्या उलट दिशेचं आहे. चौंडी हे जामखेड तालुक्यातलं गाव, १७२५ साली तिथं अहिल्याबाईंचा जन्म झाला. काशीच्या विश्वनाथापासून आपल्याच जिल्ह्यातल्या सिद्धटेकच्या गणपतीपर्यंत देवळं, घाट, विहिरी, धर्मशाळा. त्यांच्या दानाचा नकाशा काढायला बसलं तर हिंदुस्थानचाच नकाशा लागतो. ब्रिटिश अधिकारी माल्कमनं मध्य हिंदुस्थानावरच्या आपल्या ग्रंथात त्यांची एक हकिकत नोंदवली आहे. एका ब्राह्मणानं त्यांच्या स्तुतीचं पुस्तक लिहून आणलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, आपण एवढ्या स्तुतीला पात्र नाही असं म्हणाल्या, आणि पुस्तक नर्मदेत टाकायला सांगितलं. लेखकाकडे पुन्हा लक्षही दिलं नाही.

लेखक म्हणून त्या ब्राह्मणाची कीव येते. एवढी मेहनत, आणि प्रतही एकच असावी. पण दानाच्या बाबतीत हा दाखला कुठल्याही विश्वस्त मंडळानं भिंतीवर लावावा असा आहे. ज्या बाईनं स्तुती पाण्यात सोडली तिचं नाव २०२४ पासून अख्ख्या जिल्ह्याला आहे; रेल्वेच्या वेळापत्रकापासून सातबाराच्या उताऱ्यापर्यंत. एवढा मोठा फलक कुठल्या देणगीदाराला मिळाला नसेल, आणि हव्यासानं मागून तर नक्कीच मिळत नाही.

चौथं उत्तर तमाशाचं. संगमनेर हे शाहीर अनंत फंदींचं गाव. पुढे कांताबाई सातारकरांचा फडही तिथं रुजला. जामखेडची कलाकेंद्रं आजही चालू आहेत. तमाशात दाता मागच्या भिंतीवर नसतो, समोर बसलेला असतो. दौलतजादा होते तेव्हा नोट पुढे करणाऱ्याचं नाव तिथल्या तिथे गाण्यात गुंफलं जातं: अमक्या गावचे तमके पाटील, एवढे रुपये, पाटलांचा मान राखून. ढोलकीचा तोडा होतो, दहा-पंधरा सेकंद पाटील अमर होतात, आणि मग पुढच्याची नोट येते. नोट देताना हात धरण्याची मुजोरीही त्याच प्रथेत आहे आणि ती फडातल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसली आहे, तेव्हा हिचं कौतुक जपूनच करावं. तरी प्रयोगाच्या कलेला साजेशी पोच ही प्रयोगातच मिळते, हे तमाशाला उमगलं होतं. गावच्या सप्ताहातही माइकवरून हेच चालतं: आजची पंगत कोणाची, आमटी कोणाची, कोणत्या वाडीनं किती भाकरी आणल्या. हरिनामापेक्षा याद्या लांबतात असा तरुण मंडळींचा तक्रारीचा सूर असतो, पण यादी वाचताना मंडपात जेवढी शांतता असते तेवढी कीर्तनातही नसते.

कधी दाता रंगमंचावरच असतो. ८ जुलै १९२१ ला मुंबईच्या बालीवाला थिएटरात बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी मिळून 'मानापमान' केलं. टिळक स्वराज्य फंडासाठी. इथं कलावंतच दाते. शंभर वर्षं झाली, थिएटर इतिहासजमा झालं, प्रयोगाची ध्वनिमुद्रिका नाही. लोक अजून त्या रात्रीबद्दल बोलतात.

मग फलक मुळी नकोच का? असं नाही. नावं लावलीच पाहिजेत, कारण आपल्याकडे दाता सहसा स्वतःचं नाव मागत नाही. ही गोष्ट परदेशी नमुने उचलणाऱ्यांच्या नजरेतून हमखास सुटते. मुंबई विद्यापीठाच्या मनोऱ्याला प्रेमचंद रायचंद यांनी पैसे दिले. मनोरा राजाबाईंचा, त्यांच्या आईचा. १९५२ साली उघडलेलं जहांगीर कलादालन हे सर कावसजी जहांगीर यांनी गेलेल्या मुलाची आठवण म्हणून दिलं. पुण्याच्या दिनकर केळकरांनी जन्मभर जमवलेल्या वस्तूंच्या संग्रहालयाला लहानपणीच गेलेल्या राजाचं नाव आहे. पंख्याच्या पात्यावरही तेच, भांड्यावरही तेच. एकेका ओळीत दोन माणसं असतात, एक गेलेलं आणि एक देणारं.

याचा परिणाम थेट आराखड्यावर होतो. इंग्रजी पद्धतीच्या भिंतीत प्रत्येक दात्याला एकसारखी पट्टी असते आणि तिच्यात दोन शब्द बसतात. इथं 'कै. मातोश्री अमुक भ्रतार तमुक यांच्या स्मरणार्थ चिरंजीव व सूनबाई, मु. पो.' इतकं बसवायचं असतं. पट्टी आखूड पडते, मग अक्षर बारीक होतं, मग यंत्रानं कोरताना वेलांट्या तुटतात आणि 'ळ'ची गाठ भरून जाऊन तिथं नुसता ठिपका उरतो. वर्षभरात सोनेरी रंग निघतो. आईचं नाव ठळक आणि मुलाचं लहान, अशी दोन मापांची ओळ सुरुवातीपासून धरली तर ही फजिती टळते, आणि देणाऱ्यालाही तेच हवं असतं. बायकांची नावं नवऱ्याच्या नावाआड जाऊ न देणं हे मात्र भांडून करून घ्यावं लागतं. अर्जावरच 'आपलं स्वतःचं नाव' असा रकाना ठेवणं हा त्यातल्या त्यात सोपा मार्ग.

क्रम अकारविल्हे असावा, रकमेनुसार नसावा. यावर बैठक गाजते. ज्यांनी सर्वाधिक दिले त्यांचं आडनाव 'क्ष'नं सुरू होत असेल तर जास्तच.

जुन्या वास्तूची भिंत बहुधा चुन्याची असते. चुना ओल घेतो आणि सोडतो. त्याच्यावर सिमेंटात ग्रॅनाइट बसवला की ओल आत अडकते, खार फुटतो, गिलाव्याचे पापुद्रे सुटतात. ज्या भिंतीच्या दुरुस्तीसाठी देणगी घेतली तिलाच नावांच्या ओझ्यानं पोखरायचं, असा प्रकार राज्यात कमी नाही. म्हणून नावांचं काम भिंतीपासून हातभर सुटं, स्वतःच्या पायांवर उभं, आणि सुटं करता येण्याजोगं असलेलं बरं. पितळी पट्ट्या, मागून स्क्रू. पायरीचा दगड हाही आपल्याकडे मानाचा पर्याय आहे. पंढरपूरला नामदेवांनी पायरीची जागा मागून घेतली, तेव्हापासून पायाखाली नाव येण्यात मराठी माणसाला अपमान वाटत नाही. पायरीवरची अक्षरं येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांनी झिजत जातात, आणि त्याला कोणी हरकत घेत नाही.

पट्ट्या सुट्या ठेवण्याला आणखी एक कारण आहे. कायमचं नाव ही गोष्ट कागदावर सोपी असते. न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमधल्या सभागृहाला १९७३ साली साडेदहा दशलक्ष डॉलर देणाऱ्या एव्हरी फिशरचं नाव मिळालं. पुढे नूतनीकरणाला पैसा हवा झाला तेव्हा २०१४ साली त्याच संस्थेनं फिशर कुटुंबाला दीड कोटी डॉलर देऊन नाव सोडवून घेतलं, आणि पुढच्या वर्षी डेव्हिड गेफननं दहा कोटी देऊन ते स्वतःला घेतलं. सॅकलर कुटुंबाचं नाव वेदनाशामक औषधांच्या प्रकरणानंतर २०१९ साली लूव्रच्या आणि २०२१ साली मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या भिंतींवरून उतरलं. त्यांच्याकडे चंद्र-सूर्य कोरायची पद्धत नव्हती, वकील होते.

आपल्याकडची अडचण बरीच साधी आहे. फलक लागतो तेव्हा 'श्री.' असलेला माणूस काही वर्षांनी 'कै.' होतो. घरचे येऊन सांगतात, नाव बदला. ग्रॅनाइटमध्ये ते होत नाही, मग कोणीतरी पांढऱ्या रंगानं 'श्री' खोडून वर 'कै.' लिहितो आणि सगळी भिंत शाळेच्या हजेरीपटावर आणून ठेवतो. उपाधी मुळातच न लावणं हा उत्तम उपाय, पण तो मान्य होत नाही. तेव्हा पट्ट्या बदलता याव्यात, त्यांची नोंदवही व्यवस्थापकाकडे असावी, आणि वहीत नावापुढे रक्कम, काम, आणि ते काम शेवटचं कधी तपासलं याची तारीख, असे तीन रकाने असावेत. सुतार, रंगारी आणि पडदेवाल्यांची नावं त्याच वहीत, त्याच क्रमवारीत. वहीचा खर्च कोणत्या खात्यात टाकायचा, हे बैठकीत ठरायचं राहून जातं.